माळढोकाला नेमका कसा माळ लागतो?

नान्नजला पहिल्यांदा येणाऱ्याचा हिरमोड ठरलेला. सोलापुरातून बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर आलं की अभयारण्याची पाटी लागते, आणि पाहुणा गाडीतून उतरून इकडंतिकडं बघत राहतो. मुरमाड जमीन, वाळलेलं गवत, लांबवर हिवराची दोन-चार झाडं, मधूनच तरवडाची झुडपं आणि डोक्यावर आमचं सुप्रसिद्ध ऊन. मग हमखास प्रश्न येतो, "पण जंगल कुठाय?" जंगल नाहीच. १९७९ मध्ये ज्या पक्ष्यासाठी हे अभयारण्य जाहीर झालं, त्याच्यासाठी इथं दाट झाडी उभी केली तर तो उठून निघून जाईल.

माळढोक आज अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. १९६९ मध्ये देशभरात साधारण १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. २०१८ च्या सुमारास तो दीडशेच्या घरात आला. त्यातले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला. आमच्या जिल्ह्यात एखादा दिसला तर आता पेपरात बातमी येते. शिकारीला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, आणि शिकार भरपूर झालीही. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद झाल्यावरही आकडा खालीच जात राहिला. का, हे कळायचं तर या पक्ष्याला राहायला नेमकं काय लागतं ते बघावं लागतं. अभ्यासक याला अधिवासाची निवड म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात बऱ्याच गाठी आहेत.

पायापासून सुरुवात करू. चिमणी, कावळा, मोर यांच्या पायाला पुढं तीन आणि मागं एक बोट असतं. मागच्या बोटाच्या आधारानं फांदी धरता येते. माळढोकाला ते मागचं बोटच नाही. पुढची तीन आखूड, जाड बोटं तेवढी आहेत, आणि ती चालण्या-पळण्यासाठीची. त्यामुळे हा पक्षी झाडावर बसू शकत नाही. झोप, अंडं, पिल्लू, लपणं, सगळं जमिनीवर. त्यात नर मीटरभर उंच आणि आठ ते पंधरा किलो वजनाचा. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. एवढं धूड लांडगा, कोल्हा, कुत्र्यांच्या राज्यात उघड्यावर राहायचं म्हटलं तर त्याच्याकडं बचावाचा एकच उपाय उरतो: शत्रूनं आपल्याला गाठायच्या आत आपण त्याला बघायचं. म्हणून ती लांब मान. चरताना दर थोड्या वेळानं ती वर होते, आसमंत न्याहाळते आणि पुन्हा खाली जाते.

हे लक्षात घेतलं की झाडांशी त्याचं वाकडं का ते कळतं. झाडांची रांग नजर अडवते. रांगेमागं कोल्हा असू शकतो, आणि फांदीवर बसलेल्या कावळ्याला वरून घरटं शोधायला आयती जागा मिळते. माणसाला जी सावली वाटते ती त्याला दबा धरायची जागा वाटते.

पण म्हणून उघडाबोडका माळ चालतो असंही नाही, आणि इथंच खरी गुंतागुंत सुरू होते.

आपल्याकडं माळढोकाची वीण मुख्यतः पावसाळ्यात. त्या दिवसांत नर माळावरचा किंचित उंचवटा धरतो, जिथं गवत आखूड आणि विरळ असतं. तिथं उभा राहून तो गळ्याची पिशवी फुगवतो. ती पांढरी पिशवी फुगून पार छातीखाली लोंबते, शेपूट पाठीवर उभं राहतं, आणि तो घुमल्यासारखा खोल आवाज काढतो. अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू येतो. हा सगळा खटाटोप माद्यांनी बघावा म्हणून. गवत कंबरेएवढं असेल तर बघणार कोण? त्यामुळे नराला आखूड गवताचा, चारी बाजूंनी दिसणारा चढ पाहिजे.

मादीला नेमकं उलटं हवं असतं. ती घरटं म्हणावं असं काही बांधत नाही. जमिनीत उथळ खळगा, तोही धड खळगा नाही, त्यात एक अंडं. क्वचित दोन. रंग मळकट हिरवट-तपकिरी, त्यावर अस्पष्ट गडद ठिपके. भोवतीच्या मुरमात आणि वाळक्या काड्यांत पावलाजवळ असलं तरी दिसत नाही. ती त्यावर सुमारे सत्तावीस दिवस एकटी बसते. नर या कामात कुठंही नाही. बसलेली असताना तिचं अंग झाकलं जाईल एवढं गवत तिला लागतं, पण मान वर केली की गवतापलीकडचं दिसलंही पाहिजे. हा अंदाज काही इंचांचा आहे. गवत त्याहून खुरटं राहिलं तर ती उघडी पडते, दाट उंच वाढलं तर आंधळी होते. आणि त्या महिनाभरात मेंढरं, भटकी कुत्री, ट्रॅक्टर किंवा हौशी फोटोवाला जवळ आला की ती उठते. ती उठली की कावळ्याला अंडं मोकळं. एका वेळी एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला असं दोन-तीन पावसाळे झालं तर हिशेब कसा जुळणार?

पिल्लू बाहेर आलं की त्याला किडे लागतात, भरपूर. टोळ, नाकतोडे, भुंगेरे. पावसानंतर कुसळी, पवना, मारवेल असं मिश्र गवत असलेल्या माळावर ते असतात. मोठ्या पक्ष्यांचं खाणं त्यामानानं सैल: किडे, सरडे, बोरं, शिवाय शेतातला भुईमूग, हरभरा, बाजरी. दुपारच्या उन्हात थोडी झुडपांची सावलीही ते घेतात. म्हणजे चार झुडपं हवीत, पण त्यांची जाळी व्हायला नको.

आता एवढं सगळं कळलं कसं? इथं एक साधी पण हमखास चकवणारी गोष्ट आहे. "माळढोक कुठं जास्त दिसतो" आणि "माळढोक काय पसंत करतो" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खानावळीत रोज वांग्याचीच भाजी असेल आणि माणूस रोज वांगंच खात असेल, तर त्याला वांगं आवडतं असं म्हणता येणार नाही. समोर काय काय होतं आणि त्यातून त्यानं काय उचललं, याचं प्रमाण बघावं लागतं.

समजा, हजार हेक्टरचा एक तुकडा आहे. त्यात ६०० हेक्टर जिरायत शेती, १०० हेक्टर गवताळ माळ, उरलेल्या ३०० मध्ये ऊस, बागा, लावलेली झाडी आणि वस्ती. वर्षभर फिरून शंभर नोंदी झाल्या: ५५ शेतात, ४० गवतात, ५ उरलेल्या जागेत. (आकडे समजावण्यापुरते मानलेले आहेत.) वरवर बघणारा म्हणेल, माळढोक शेतातला पक्षी आहे. पण शेती एकूण जागेच्या साठ टक्के आहे आणि तिथं पंचावन्न टक्केच नोंदी आहेत, म्हणजे हिश्शापेक्षा थोड्या कमीच. गवत दहा टक्के, नोंदी चाळीस टक्के: हिश्शाच्या चौपट. आणि ऊस-बागांच्या तीस टक्के जागेत नोंदी फक्त पाच. पसंती ती चौपट, आणि नापसंती ती ही. शेत या दोहोंच्या मधलं: चालतं, पण गवत नसेल तर तेवढ्यावर भागत नाही.

यातही खाचा आहेत. उंच ज्वारीत उभा असलेला पक्षी दिसतच नाही, त्यामुळे तिथल्या नोंदी मुळातच कमी पडतात. ऋतू मिसळले तर वेगळाच घोटाळा: हिवाळ्यात हरभऱ्याच्या शेतात चरणारी मादी आणि श्रावणात अंड्यावर बसलेली मादी यांच्या नोंदी एकत्र केल्या, तर निघणारी सरासरी दोघींपैकी कुणाच्याच उपयोगाची नाही. आणि सगळ्यात वाईट शक्यता अशी की पक्षी एखादी जागा निवडतो, पण ती त्याला मानवत नाही. शेतात जागा बरी दिसली म्हणून मादीनं अंडं घातलं आणि कोळपणीला माणसं आली, तर निवड झाली, नोंदही झाली, पिल्लू मात्र झालं नाही. म्हणून नुसता वावर मोजून भागत नाही. किती अंडी फुटली, किती पिल्लं उडाली, हेही बघावं लागतं.

आणखी एक प्रश्न पल्ल्याचा. हातभर जागेचा प्रश्न वेगळा, म्हणजे अंड्याभोवतीचं गवत केवढं. पन्नास एकरांचा वेगळा: तिथं झाडी किती, वर्दळ किती. आणि तालुक्याएवढ्या पट्ट्याचा आणखी वेगळा, कारण माळढोक एका माळावर बारा महिने राहणारा पक्षी नाही. तो मोठ्या पट्ट्यात फिरतो. नान्नजचे गवताचे तुकडे छोटे आणि विखुरलेले आहेत. एखादा तुकडा कितीही नीट राखला आणि भोवती सगळा ऊस उभा राहिला, तर पहिल्या दोन कसोट्यांवर तो पास होतो आणि तिसऱ्या कसोटीवर साफ नापास.

सोलापूरची गोष्ट मला इथं सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपला जिल्हा रब्बीचा. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा, बराचसा परतीचा. त्यामुळे भारी जमिनी पावसाळ्यात मोकळ्या ठेवायच्या, कुळवून ओल साठवायची आणि भाद्रपद-आश्विनात ज्वारी पेरायची, ही इथली रीत. सोबत करडई, हरभरा. आता ही रीत माळढोकाच्या वर्षाशी लावून बघा. त्याची वीण पावसाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच भोवतालची रानं मोकळी. नराला चौफेर दिसतं, माद्यांना अडथळा कमी. पुढं पिल्लं मोठी होईतो ज्वारी-हरभरा उभा. हे कुणी पक्ष्यासाठी केलेलं नव्हतं. पाणी नव्हतं म्हणून तसं होतं. पण जिरायत शेती आणि गवताळ माळ यांची ही सरमिसळ त्याच्या गरजांना बरीच जुळत होती. सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडं लक्ष वेधलं, तेव्हाचा माळ हा असा होता. त्याच सुमारास दुष्काळी भागासाठीच्या सरकारी योजनेतून इथल्या काही माळांवर चराई थांबवून गवत राखलं गेलं. हेतू चारा आणि माती धरण्याचा. फायदा माळढोकालाही झाला.

मग पाणी आलं. उजनी भरली, कालवे आले, त्याहून जास्त विहिरी आणि बोअर. ऊस आला, कारखाने आले. दुष्काळात होरपळलेल्या माणसानं पाणी आल्यावर ऊस लावू नये असं म्हणणारा मी कोण? पण माळढोकाच्या बाजूनं बघितलं तर ऊस म्हणजे दोन माणूस उंचीची, बारा महिने उभी असलेली भिंत. आणि नान्नज तर द्राक्षाचं गाव. महाराष्ट्रभर पोचलेली सोनाका ही जात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी काढलेली. त्याचा गावाला अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे. द्राक्षबागेत मात्र लोखंडी अँगल, तारांचा मांडव, वर्षभर फवारणी, छाटणी, माणसांची ये-जा. फवारणीनं किडे जातात, म्हणजे पिल्लांचं खाणं जातं. एकाच गावाची ओळख असलेल्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदणं अवघड आहे, आणि यात दोष कुणाचाच नाही.

झाडं लावणाऱ्यांबद्दल मात्र माझी एवढी समजूतदार भूमिका नाही. आपल्या डोक्यात निसर्ग म्हणजे झाड असं इतकं पक्कं बसलंय की गवताळ माळ दिसला की तो "पडीक" वाटतो. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी झाडं लावायचं लक्ष्य ठेवलं होतं. एवढ्या झाडांसाठी जागा शोधताना नजर आधी माळावरच जाते. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी यांच्या रांगा माळांवर याच विचारातून उभ्या राहिल्या. त्या रांगांनी माळढोकाला तर हाकललंच, शिवाय काळवीट, धाविक, चंडोल, हिवाळ्यात येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी, लांडगा यांचीही जागा आक्रसली. दख्खनचा गवताळ माळ म्हणजे तुटलेलं जंगल नाही. उथळ माती, कमी पाऊस आणि चरणारी जनावरं यांच्यातून झालेली ती एक स्वतंत्र गोष्ट आहे.

झाडांवरच जगणारा दुर्मिळ पक्षीही महाराष्ट्रातच आहे, हे गमतीचं. रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं एक छोटं घुबड, १८८४ नंतर कुणाला खात्रीनं सापडला नव्हता. १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. त्याला जुन्या झाडांच्या ढोली लागतात, सातपुड्यातलं सागाचं पानगळी जंगल लागतं. तिथं झाड तोडणं गुन्हा, इथं झाड लावणं चूक. शिवाय रानपिंगळ्यालाही गच्च झाडी नको, खाली उतरून सरडे-उंदीर पकडता येतील अशी मोकळी जागा हवी. "हिरवळ वाढवा" या एका घोषणेत या दोघांपैकी एकाचंही भलं नाही.

तारांचा प्रश्न अधिवासाचाच भाग धरावा लागतो. माळढोक जड, त्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही, आणि उडतो जमिनीपासून फार उंच नाही. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूला. आफ्रिकेतल्या 'कोरी' जातीच्या माळढोकांच्या नजरेचा अभ्यास झाला, तेव्हा असं दिसलं की उडताना मान खाली झुकवली की समोरचं त्यांना दिसतच नाही. खालची जमीन बघत निघालेला पक्षी सरळ तारेवर जातो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकांच्या पट्ट्यात वीजवाहिन्या जमिनीखालून न्यायला सांगितलं. सौर आणि पवन ऊर्जेच्या अडचणी पुढं आल्यावर २०२४ मध्ये तो आदेश सैल करून समिती नेमली. जागा मोकळी आहे, गवत चांगलं आहे आणि वरून तार गेली आहे, अशा जागेची किंमत माळढोकासाठी काय उरते हे सांगायला नको.

अभयारण्याचा इतिहासही बघावा. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला मिळून जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य म्हणून नोंदला गेला. त्यात गावं, बाजारपेठा, खासगी शेतं, सगळं आलं. परिणाम असा की जमिनीचा व्यवहार अडला तरी नाव माळढोकाचं, परवानगी रखडली तरी माळढोकाचं. ज्यांनी हा पक्षी आयुष्यात बघितला नाही त्यांनाही तो नकोसा झाला. पुढं हे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. मध्य प्रदेशात करेरा इथल्या माळढोक अभयारण्यात याहून कडू धडा मिळाला. तिथं संरक्षण कडक झालं, काळवीट वाढले, पिकांची नासाडी वाढली, लोक चिडले, आणि नव्वदच्या दशकात माळढोक दिसेनासा झाला. लोकांचा राग गवताच्या उंचीइतकाच मोजायला हवा होता.

राजस्थानात जैसलमेरजवळ सम इथं २०१९ पासून माळढोकांची पैदास सुरू आहे. पुढं रामदेवऱ्यालाही केंद्र झालं, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही झालं. उद्या त्यातले काही दख्खनकडं आणायचे ठरलं, तर ते सोडायचे कुठं? त्यासाठी राखीव माळांवरचा ग्लिरिसिडिया काढणं, पावसाळ्यात तिथली वर्दळ आणि कुत्री थांबवणं, गवत एकदम न कापता आलटून पालटून कापणं, तारा जमिनीखाली घालणं, ही कामं वनखात्याच्या आवाक्यातली आहेत. अवघड आहे ती कुंपणाबाहेरची जमीन. ती शेतकऱ्याची आहे. त्यानं आषाढ ते आश्विन रान मोकळं ठेवावं आणि नंतर ज्वारी-हरभराच घ्यावा असं वाटत असेल, तर त्याला त्याचे पैसे द्यावे लागतील, आणि ती भरपाई एकरी ज्वारीच्या भावानं काढून चालणार नाही, एकरी उसाच्या भावानंच काढावी लागेल.